मुंबईच्या वेळेचा चंद्र

बदली होऊन कोलकात्याला आलो तेव्हा आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि दत्तकासाठी नाव नोंदवून दोन. नवरा खिदिरपूरच्या बंदरावर कस्टम्समध्ये. मी घरी बसून रोज कॉम्प्युटरवर यादीतला आमचा नंबर बघायची. नंबर जागचा हलत नसे आणि माझं डोकं फिरे.

नवऱ्याचं डोकं फिरत नाही, हीच माझी तक्रार. नाव नोंदवलं त्या महिन्यापासून त्याने संकष्टी धरली. मीही धरली, कारण एकट्याने उपाशी बसलेला माणूस मला बघवत नाही. संध्याकाळी मोदक करायचे, मग चंद्रोदयाची वाट बघायची. सासूबाई दरवर्षी पुण्याहून भिंतीवरचं कॅलेंडर पाठवतात. त्यात छापलेली वेळ झाली की ताट घेऊन गच्चीवर जायचं, चंद्र बघायचा आणि मगच घास तोंडात. एक मिनिट आधी नाही.

मधेच ओळखीतल्या एकाने सुचवलं, एका नर्सिंग होममध्ये बाळाची सोय होते, कागद मागाहून करता येतात. खोटं कशाला सांगू, मी हो म्हणणार होते. नवरा म्हणाला, "बाप्पाकडे मागितलंय ना? मग चोरून नाही आणायचं." मी चार दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. पाचव्या दिवशी संकष्टी होती. मोदक करणं भाग होतं, तेवढे केले.

त्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बंगाली काकिमा गच्चीत वाळलेले कपडे काढत होत्या. आमचं ताट बघून त्यांनी हिंदीत विचारलं, चंद्र उगवून तास झाला, तुम्ही दर वेळी इतक्या उशिरा का येता? नवऱ्याने फोनवर शोधलं. कॅलेंडरातली वेळ मुंबईची होती! इथे सूर्य भल्या पहाटे तोंडावर येतो म्हणून मी जाड पडदे शिवून घेतले होते. पण चंद्रही तसाच आधी येत असेल, हे दोन शिकलेल्या माणसांच्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

कोलकात्याला आल्यापासून दीड वर्ष, दर महिन्याला तासभर फुकट उपाशी. मी तिथेच उखडले, त्याच्यावर आणि देवावरही. तो मेला हसत होता.

"अगं, तो आलेलाच होता," तो म्हणाला. "आपल्याला कळलं नव्हतं, एवढंच."

मी म्हटलं, तुझं तत्त्वज्ञान पुरे, मोदक गार झाले. पण मोदक खाताना अबोला सुटला तो सुटलाच.

नऊ-दहा महिन्यांनी एका दुपारी दत्तक संस्थेतून फोन आला. मुलगी आहे, दहा महिन्यांची. मी लगेच खिदिरपूरला फोन लावला. त्याने आधी जन्मतारीख विचारली. ती सांगता सांगता मी बोटांवर महिने मोजले. गच्चीवर मी देवाशी भांडत होते त्या संकष्टीला ती तीन आठवड्यांची होती.

"आलेलीच होती रे," मी म्हणाले.

तिकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. ज्याचं डोकं कधी फिरत नाही तो माझा नवरा भर ऑफिसात रडत होता.