नागपूर ते लाखांदूर: दर तीस किलोमीटरला आचके

भावाची अट होती. बाबांच्या अँबेसेडरमधून आईला लाखांदूरजवळच्या तिच्या माहेरी नेऊन आणायचं. टोचन लावून ओढत न आणता परत आलो तर गाडी ठेवायची, नाहीतर विकायची. ग्राहक त्याने शोधूनच ठेवला होता.

आईला पेट्रोलच्या वासाने मळमळतं. आदल्या दिवशी मी त्याचा बंदोबस्त केला. सकाळी सहाला नागपूर सोडलं. भंडाऱ्यात टाकी भरली, तर्री-पोहे खाल्ले. पुढे पवनीपर्यंत रस्ता बरा आहे. अड्याळ मागे पडलं आणि इंजिन आचके देऊ लागलं. मग बंद.

प्लग पुसले, इंजिनाच्या फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवलं. अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली. फडक्याचा गुण, असं मी समजलो. पवनीत एका मिस्त्रीने कार्बोरेटर साफ केला. तीनशे रुपये. गाडी सुरेख पळाली, तीसेक किलोमीटर. लाखांदूर जवळ आलं आणि पुन्हा तेच.

दोन्ही बाजूंना धान. बांधावरून एक शेतकरी आला, पाठीवर फवारणीचा पंप.

"काहून थांबले जी?"

"कार्बोरेटर असेल."

"सकाळपासून तेच सांगून राहिला," आई आतून म्हणाली.

शेतकरीदादांनी विचारलं, "थांबली का बरी होते काय?"

"अर्ध्या तासाने."

"टाकीचं झाकण खोला बरं."

मी झाकण फिरवलं. फस्स करून हवा आत गेली. आईसुद्धा खाली उतरली.

त्यांनी पंप उतरवून त्याच्या झाकणातलं बारीक भोक दाखवलं. "हे बुजलं का पंप दम तोडते. औषध बाहेर जाते, तेवढी हवा आत गेली पायजे."

आमच्या झाकणातही तसंच भोक होतं. त्यात साबण होता. वास येऊ नये म्हणून मीच दाबून भरला होता.

आईने बांगडीतली सेफ्टीपिन काढून दिली. "वासाचं मीच म्हटलं होतं ना," ती म्हणाली.

भोक मोकळं केलं. भंडाऱ्यापर्यंत जवळजवळ रिकाम्या टाकीत हवा भरपूर होती, म्हणून तिथवर निभावलं होतं. लाखांदूर, मामाकडे दोन दिवस, परत नागपूर. गाडी कुठेच थांबली नाही. भाऊ फाटकात उभा होता. बॉनेट उघडून त्याने बराच वेळ इंजिन ऐकलं.

"काय होतं मग?"

"साबण," मी म्हणालो.

ग्राहकाला त्याने माझ्यासमोरच फोन करून गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. गाडीत आता पेट्रोलचा वास येतो. आई काच खाली करून बसते. पिन तिने परत मागितलेली नाही.