मांडवगडचा डबा

माझ्या आईने मांडवगडला अकरा वेळा डबा पाठवला आणि मांडवगड एकदाही बघितला नाही. हे लिहिताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कुणाला गोड गोड आठवणी वाचायच्या असतील तर त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं.

आम्ही इंदूरचे. वडील आधी संस्थानच्या पाहुणेखात्यात होते. दरबारचे पाहुणे आले की त्यांना कुठे उतरवायचं, काय दाखवायचं, चहा कुठे द्यायचा, याचा कार्यक्रम टाइप करून प्रत्येकाच्या हातात ठेवायचा, हे त्यांचं काम. मग संस्थान गेलं, मध्यभारत आला आणि त्यांना सचिवालयात जुन्या फायलींवर बसवलं. खातं गेलं पण खोड गेली नाही. पुण्याचा आत्येभाऊ येवो, नागपूरचे व्याही येवोत, बाबा लगेच कागद चढवायचे मशीनवर: 'सकाळी सहा वाजता प्रस्थान. बेटम्यास चहा. धारेस किल्ला. दुपारी मांडवगड.' नावांची यादी वर, वेळा खाली. पाहुणे खूश, बाबा त्याहून खूश.

आणि आई पहाटे चारला चुलीपुढे.

तिचा डबा पाच पुडांचा होता आणि तो भरायची तिची रीत ठरलेली होती. जे आधी खायचं ते वरच्या पुडात. वर पोहे, ते धारेला. त्याखाली पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, ती जहाजमहालाच्या पायऱ्यांवर. त्याखाली लोणचं आणि मिरचीचा ठेचा. चौथ्या पुडात लाडू, रेवाकुंडापाशी हातपाय धुऊन झाले की. आणि सगळ्यात खाली दशम्या, दुधात भिजवलेल्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. त्या अगदी वरच्या मंडपात खायच्या, जिथून खाली लांबवर नर्मदा दिसते. बाबांनी कार्यक्रमात कधी अदलाबदल केली तर आई आतून ओरडायची, "अहो, रेवाकुंड आधी घेतलंत तर लाडवांचा पूड वर घ्यावा लागेल, आधी सांगत जा ना!" न बघितलेल्या गावाचा रस्ता तिला असा पाठ होता.

नर्मदेचं तिला फार होतं. घाटावर जाऊन तिने स्नानं केली होती, पण बाबा पाहुण्यांना सांगायचे की वरून ती चांदीच्या तारेसारखी दिसते, आणि हे ती दर वेळी स्वयंपाकघरात ऐकायची. एकदा पोळ्या लाटता लाटता मला म्हणाली, "तार कशी दिसेल गं? एवढी मोठी नदी." मी तेव्हा सोळा वर्षांची होते, मॅट्रिकला. मी म्हटलं, "म्हणजे काय? तू गेलीच नाहीस?" मला हे ठाऊकच नव्हतं! घरात राहून, तिच्या हातचं खाऊन, मला ठाऊक नव्हतं. ती हसली. "मी गेले तर पाहुण्यांचा रात्रीचा स्वयंपाक कोण करणार?"

झालं. मी बाबांच्या पाठीच लागले. श्रावणात शनिवार, रविवार आणि सणाचा सोमवार अशी सलग सुट्टी येत होती. मी म्हटलं, या वेळी पाहुणे नाहीत, कुणी नाही, आपण तिघं. बसने धारला, तिथून पुढे दुसऱ्या बसने, दोन रात्री धर्मशाळेत. बाबा आधी हूं हूं करत राहिले, मग त्यांच्यातला पाहुणेखात्याचा माणूस जागा झाला आणि कबूल झाले. तुळशीपुढे उभे राहून कबूल झाले, हे मुद्दाम सांगते.

पंधरा दिवस आई आणि मी दुपारी तेच करत बसायचो. मी शाळेतून नकाशा उतरवून आणला होता. ती नकाशा बघायची नाही, मला सांगायची. "पहिल्या दिवशी नको धावपळ. जहाजमहाल निवांत बघू. मंडप दुसऱ्या दिवशी, सकाळी, ढग नसले तर." तिने पेटीतून हिरवं इरकली लुगडं काढून उन्हाला टाकलं. शेजारणीला सांगितलं, दूधवाल्या भियाला सांगितलं की तीन दिवस दूध नको. दूधवालासुद्धा म्हणाला, "वा काकीजी, घूम के आओ!" आईला कुणी असं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

शुक्रवारी संध्याकाळी बाबा कचेरीतून आले ते शीळ घालत. मध्यभारताची राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला असायची, तेव्हा त्यांचे नवे साहेब नुकतेच ग्वाल्हेरहून आले होते. बाबा म्हणाले, "बसचं रद्द. साहेबांना मांडवगड बघायचाय. त्यांची मोटार येतेय." आई आनंदली. मोटार म्हणजे काय चेष्टा! मग बाबांनी खिशातून टाइप केलेला कागद काढून मला दिला आणि पाय धुवायला गेले.

वर 'मंडळी' म्हणून यादी होती. साहेब, त्यांच्या बाईसाहेब, चिरंजीव, बाबा आणि मी. आईचं नाव नव्हतं. मी कागद उलटा करून पाहिला. अगदी तळाशी लिहिलं होतं, 'फराळ: घरून.' त्या 'घरून'मध्ये होती माझी आई.

मी ओरडलेच. "बाबा, आई कुठाय यात?"

"अगं, मोटारीत जागा किती? मागे ते तिघं आणि तू, पुढे मी आणि ड्रायव्हर."

"मग मी राहते. आईला न्या."

"बाईसाहेबांना सोबत नको? तू चार शब्द नीट बोलशील. हिची हिंदी म्हणजे भाजीबाजारातली. ग्वाल्हेरचे लोक आहेत ते, काय म्हणतील?"

हे आईच्या समोर! ती पंचा घेऊन उभी होती, त्यांचे पाय पुसायला. त्या भाजीबाजारातल्या हिंदीवर बावीस वर्षं तिने यांचं घर चालवलं होतं, मोलभाव केले होते, वैद्य आणले होते. मला वाटलं आता तरी बोलेल काहीतरी. तो पंचा फेकून मारेल. तिने पंचा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "पाच जण म्हणजे पुऱ्या जास्त लागतील." आणि कणीक काढायला आत गेली.

मी तिच्या मागे गेले. म्हटलं, मी जाणार नाही, मरून जाईन पण जाणार नाही. ती म्हणाली, "खामखा तमाशा नको. जा, आणि मला सगळं नीट सांग आल्यावर." दोरीवरचं हिरवं लुगडं तिने घडी करून पेटीत ठेवलं होतं. कणीक काढायच्याही आधी, मी बाहेर ओरडत होते तेवढ्यात.

आणि मी गेले. बाबांवर मी आयुष्यभर दात खाल्ले, पण शनिवारी सकाळी त्या मोटारीत आईच्या जागेवर मीच बसले. बेटमा आलं, चहाला उतरलो, तिथून परतीची बस सहज मिळाली असती. मी चहा प्यायले. धारला पोहे खाल्ले. जहाजमहालाच्या पायऱ्यांवर पुऱ्यांचा पूड उघडला आणि बाईसाहेब म्हणाल्या, "कितनी मुलायम हैं! बेटी, तुम्हारी माताजी नहीं आईं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "उन्हें घूमने-फिरने का शौक नहीं है."

माझ्या हातात पुरी होती. मी ती खाल्ली.

संध्याकाळी वरच्या मंडपात गेलो. ढग फाटले होते. सगळी दरी हिरवीगार, आणि पार खाली, बाबा म्हणायचे तशीच, बारीक चमकती रेघ. किती सुंदर होतं ते! मी दशमी हातात धरून उभी होते आणि रडू कोसळलं. बाईसाहेबांना वाटलं मला वाऱ्याने थंडी वाजतेय, त्यांनी आपली शाल दिली.

रविवारी रात्री परत आलो. आईने पाट मांडला, वाढलं, आणि समोर बसली. आधी विचारलं, "दशम्या मऊ राहिल्या होत्या ना?" मी मान हलवली. मग म्हणाली, "हं, सांग आता. नर्मदा तार दिसते?"

मी तिच्याकडे पाहिलं. हिला ते सगळं सांगितलं तर हिचा जीव किती तुटेल, असं मला वाटलं. सोळा वर्षांची अक्कल! मी म्हटलं, "छे गं. काही दिसत नाही. धुकं नुसतं. आणि गाव म्हणजे काय, पडक्या भिंती आणि वटवाघळांचा वास. तू आली नाहीस तेच बरं केलंस."

"असं होय," ती म्हणाली, आणि उठून डबा घासायला गेली.

त्यानंतर तिने मांडवगडचं नाव काढलं नाही. पाहुणे येत राहिले, डबे जात राहिले. पुढे मी शाळेत शिकवू लागले. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत भाड्याची मोटार दारात उभी केली, बाबांना विचारलंसुद्धा नाही. आत जाऊन म्हटलं, "आई, हिरवं लुगडं नेस. मांडवगडला जायचंय."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कशाला गं पैसे घालवतेस? तूच सांगितलंस ना, पडक्या भिंती आहेत म्हणून."

मी दारातच उभी राहिले. ड्रायव्हर बाहेर हॉर्न वाजवत होता. किती वेळा मी तिला म्हटलं त्या दिवशी, खोटं बोलले होते गं मी, खोटं! ती हसून म्हणाली, "आता मला न्यायचं म्हणून म्हणतेयस." आणि सूप झाडून पुढचे तांदूळ घेतले.