बोटं गेली कशानं?

"बाई, बोटं नाहीत हे मला मान्य आहे. ती गेली कशानं, एवढंच विचारतोय!"

"बर्फानं!"

"हे तुम्ही म्हणता. कागद काय म्हणतो?"

"कागदाला काय इचारता? तो कधी बर्फात उभा होता?"

"आवाज खाली!"

"खाडीपलीकडं पोचायचा आवाज हाय माझा, भाऊसाहेब. खाली आणला तरी एवढाच रवनार!"

हे भांडण इथंच थांबवते. ते कसं संपलं ते सांगेन, पण सरळ तिथं जाता येत नाही. पेन्शनवाल्यांचे किस्से वाळत घातलेल्या बोंबलांसारखे असतात. एक ओढायला जावं, तर त्याच्या जबड्यात जबडा अडकवलेला दुसराही हातात येतो!

गोष्ट चीनच्या लढाईनंतरची. पालघरला स्टेशनामागं एका खोलीत माजी सैनिकांचे अर्ज घेत. खोलीत पाठारे भाऊसाहेब, बाहेर एक लांब बाकडं. त्या बाकड्यावर दर सोमवारी आम्ही. मी तारापूरकडच्या कोळीवाड्यातली हिरा. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. माझा नवरा हरेश्वर बारा वर्षं फौजेत शिपाई. दोन्ही पायांचे अंगठे आणि डाव्या पायाची करंगळी वर डोंगरात सोडून आला. साध्या पेन्शनीला पंधरा वर्षं लागत. बोटं लढाईच्या कामावर गेली असं ठरलं तर पेन्शन, नाही तर घरी बसा. आणि घरी बसून करणार काय? होडीवर उभं राहायला अंगठा लागतो. अंगठ्यानं फळी धरली नाही, तर पहिल्या लाटेला माणूस पाण्यात!

*

मी वाचायला शिकले ती रागानं.

डोंगरातून ह्यांचं पत्र आलं. वाचायला पोस्टमास्तर. "खुशाल आहे, थंडी आहे, घरच्यांना नमस्कार." मी खूश! सहा महिन्यांनी हे काठी टेकत दारात उभे. मी म्हटलं, "कळवायचं नाय?"

"कळवलं ना," हे म्हणाले. "बूट भिजले, पाय काळे पडलेत, असं लिवलं होतं."

पोस्टमास्तर भला माणूस. माझ्या पोटात तेव्हा सहावा महिना होता, म्हणून त्यानं दोन ओळी गाळल्या. मी त्याला म्हटलं, "मास्तर, आता मला अक्षर शिकवा. तुमच्या भलेपणाला मी भ्याले!"

पावसाळाभर मासळीची टोपली उतरवून त्याच्या पायरीवर बसले. पहिलं वाचलं ते तेच पत्र. काळे पाय पहिल्यांदा मी तिथं पाहिले.

*

पहिलं मेडिकल बोर्ड. रात्रभर मी ह्यांना पढवलं, "कुठं दुखतं ते सांगा. काठी सोडू नका." मी दाराबाहेर. आत डॉक्टर मोठ्या हुद्द्याचा, खांद्यावर पितळ चमकतंय. ते पितळ दिसलं मात्र, आमच्या साहेबांनी काठी भिंतीला लावली, टाचा जुळवल्या, छाती काढली!

"कोई तकलीफ?"

"नहीं साब!"

"चलने में?"

"बिलकुल ठीक, साब!"

आणि तीन बोटं कमी असलेला माणूस त्या खोलीत परेड करून आला! बाहेर आल्यावर बाकड्यावर बसले ते उठेनात. मोज्याला रक्त.

मी म्हटलं, "बारा वर्षं त्यांना ठीक-ठीक म्हणालात. आज एक दिवस मला साथ द्यायची होती!"

हे खाली बघत म्हणाले, "तोंडातून तेच निघालं, हिरा."

*

आमच्या बाकड्यावर डोंगरपट्टीतला लक्ष्मण वरठा असे. पासष्टच्या लढाईत गुडघ्यात लोखंडाचा तुकडा घुसलेला. माणूस इतका सरळ, की भीती वाटावी. बोर्डानं 'पाय ठीक' लिहून ह्यांचा अर्ज परत पाठवला होता, आता अपीलच उरलं होतं; तसा त्याचाही अर्ज परत आला. "व्यंग लहानपणापासूनचे." मी म्हटलं, "असं कसं लिहिलं?"

"डॉक्टरान इचारला, आधी कदी पायाला लागला होता का? मी सांगला, हां. बारका असताना ताडावरशी पडलू होतू."

"अरे देवा! त्याच पायाला?"

"नाय वयनी, तो दुसरा पाय. कोणता ते त्यांनी इचारलाच नाय!"

बाकडं हसलं. मी नाही हसले. त्याला तिथंच बसवून नवा अर्ज लिहिला, आणि वर मोठ्या अक्षरात घातलं: 'ताडावरून पडलेला पाय डावा. लढाईतला पाय उजवा. कृपया दोन्ही पाहावेत.' पुढच्या बोर्डानं दोन्ही पाहिले, आणि लक्ष्मणाचं काम झालं.

*

मग वाणगावच्या सुभेदार पाटलांनी मनावर घेतलं. पेन्शनीत निघालेले, मिश्या अजून नोकरीत! बाकड्यावरच ह्यांची तालीम घेऊ लागले. सुभेदार डॉक्टर, हे पेशंट.

"बोल, दर्द होता है!"

"होता है, साब."

"अरे, हसतोस काय? कण्ह! हुकूम आहे माझा!"

"साब, हुकूम झाला की दुखायचं थांबतं."

सुभेदारांनी काठी खाली ठेवली. मग मला म्हणाले, "वहिनी, ह्याला आम्हीच बिघडवलाय. आता ह्याच्या वतीनं तुम्हीच बोला."

*

त्याच वर्षी तारापूरकडं मोठं बांधकाम सुरू होतं. पहारेकरी घेत होते. हे गेले. ठेकेदारानं बूट काढायला लावले आणि म्हणाला, "ये पैर से नहीं होगा."

आमचे हे गावात कुणाला पाय दाखवत नसत. कोळी असून वाळूवर बूट! पुढं पोकळी राहू नये म्हणून आत चिंध्या कोंबायचे. त्या दिवशी त्या चिंध्या चार मजुरांपुढं पडल्या. घरी येऊन हे दोन दिवस जेवले नाहीत.

मी ठेकेदाराकडं गेले. म्हटलं, "नोकरी नको. पायामुळं नाय घेतलं एवढं लिहून द्या." चिठ्ठी आणली, भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवली. "बघा! मजूर ठेवणारा म्हणतो पाय अधू. तुमचं बोर्ड म्हणतं पाय ठीक. एकाच माणसाचे पाय हायेत ना?"

भाऊसाहेब म्हणाले, "बाई, ही चिठ्ठी खासगी आहे."

"मग पाय सरकारी हायेत का? तेवढं तरी कबूल करा!"

*

आता ते भांडण. अपिलाच्या मुदतीचे चार दिवस उरले होते. भाऊसाहेबांनी फाईल उघडली होती, पेन हातात होतं, टोपण लागलेलं. त्यांच्या शेऱ्याशिवाय फाईल वर जायची नाही. आणि शेरा 'लढाईशी संबंध नाही' असा पडला, की कायमचं दार बंद. मी भ्याले होते. आवाज मोठा होता, तो त्यासाठीच.

मी पत्र काढलं. भाऊसाहेबांनी वाचलं. "पाय काळे पडले म्हणतात. पण कुठं, ते लिहिलेलं नाही."

"ठिकाण लिहायचं नाय, असा हुकूम तुमचाच ना?"

त्यांनी पत्र बाजूला सारलं. मग म्हणाले, "हे बघा, तुम्ही मासेमारीतले लोक. खारं पाणी, शिंपले, जखमा. बोटं आधीच गेली नसतील कशावरून?"

हे इतका वेळ भिंतीशी उभे होते. मी काही म्हणायच्या आत खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. भर कचेरीत. चिंध्यांचा गोळा घरंगळत टेबलाखाली गेला. दोन्ही पाय त्यांनी फरशीवर ठेवले. दारात सुभेदार आणि लक्ष्मण उभे.

मला एकदम बाजारातली आमची रीत आठवली. कोळणी एकमेकींना रिकाम्या टोपल्या उसन्या देतात. देताना दोघींच्या देखत मोजायच्या, घेताना दोघींच्या देखत मोजायच्या. कमी भरली, तर ती कुठं गेली ते नेणारीनं सांगायचं. देणारीनं नव्हे.

मी म्हटलं, "भाऊसाहेब, ह्यांच्या भरतीच्या दिवसाचा डॉक्टरी कागद काढा."

त्यांनी पानं उलटली. अगदी तळाशी निघाला, पिवळा पडलेला. त्यांनी मनात वाचला. मी म्हटलं, "मोठ्यानं वाचा. मला येतं वाचायला, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"दोन्ही पाय... निर्दोष. बोटं पूर्ण."

यानंतर भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं, 'बोटं लढाईत गेली' असा शेरा मारला, आणि ती फाईल त्याच दिवशी वर गेली. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर मला काही बोलायचं नाही. मी फक्त टेबलावर दोन्ही हात टेकले आणि म्हटलं,

"दहा मोजून नेलीत, सात आणून दिलीत; आता मधली तीन कुठं गेली ते मी नाय, तुमी लिवायचं!"