म्हणून दाखवा

इस्पितळाच्या कापडखान्यात तिला सगळे शिवणवाली म्हणत. फाटक्या चादरी, उसवलेले अभ्रे, नर्सच्या एप्रनचे तुटके बंद, सगळं तिच्या मशीनखालून जाई. लग्न तिनं परधर्मात केलं होतं, धर्म मात्र आपलाच ठेवला होता. नवऱ्याची त्याला ना नव्हती. सासूबाईंची होती. सुनेच्या हातचं जेवत, दुखलंखुपलं तिलाच सांगत, पण तिच्या देवाचा विषय निघाला की तोंड फिरवत.

शहरात दोन्ही धर्मांची माणसं एकमेकांच्या जिवावर उठली, त्याच आठवड्यात सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. घरी आणायचं तर रस्ता सुनेच्या धर्माच्या वस्तीतून. मुलानं बाहेर पडणं धोक्याचं होतं. म्हणून डोळ्यावर पट्टी बांधलेल्या सासूबाईंना घेऊन शिवणवाली एकटीच बसमध्ये बसली.

पुलाच्या अलीकडे बस थांबली. काठ्या घेतलेली पोरं वर चढली. शिवणवालीच्याच धर्माची.

"एकेकानं प्रार्थना म्हणून दाखवायची," पुढचा म्हणाला. "आपली."

पुढच्या बाकावर एक चष्मेवाला तरुण बसला होता. त्याला विचारलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. पुन्हा विचारलं. अक्षर नाही. त्याची गचांडी धरून त्याला खाली ओढलं, तेव्हा बसमधल्या प्रत्येकाला आपापल्या पायांकडे बघायचं सुचलं.

मग तिची पाळी. तिनं म्हटली. लहानपणापासून तोंडात बसलेले शब्द, तरी दोनदा अडखळली.

"आणि ही म्हातारी?"

"माझी आई आहे. कालच ऑपरेशन झालंय तिचं, तिला बोलवत नाही."

इतकी वर्षं 'अहो आई' म्हणणारी ती, घाईत 'तिचं' म्हणून गेली.

"ऑपरेशन डोळ्याचं दिसतंय, तोंडाचं नाही," तो म्हणाला. कुणीतरी हसलं. "म्हण गं आजी."

शिवणवालीनं सासूबाईंचा हात घट्ट धरला. आता संपलं, असंच तिला वाटलं. आणि सासूबाईंनी सुरुवात केली. खणखणीत आवाजात, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, कुठेही न अडखळता. पोरं उतरली. बस हलली. मागून काठीचा आवाज आला आणि एक ओरडणं. वळून कुणीच पाहिलं नाही.

"वाटेत त्रास झाला का?" मुलानं घरी विचारलं.

"धूळ फार," सासूबाई म्हणाल्या.

तो आंघोळीला गेल्यावर सुनेनं हळूच विचारलं, "आई, तुम्हाला कशी येते?"

"रोज सकाळी इथे घरच्या मशीनवर बसून पुटपुटतेस. मी काय कान शिवून घेतलेत?" मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "माझा देव काय म्हणत असेल गं? जिवाच्या भीतीनं दुसऱ्याचं नाव घेतलं मी."



दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या मशीनवर बसल्यावर तिच्या तोंडून शब्दच फुटेना. सासूबाईंनी आतून हाक मारली, "आज गप्प का?"

"त्या पोरांनी काठीपुढे म्हणायला लावल्यापासून नको वाटतंय."

"ती त्यांची कधीपासून झाली?" सासूबाई खेकसल्या. तरीही त्या सकाळी तिला म्हणता आली नाही.

इस्पितळात चादरी पोचवायला ती वॉर्डात गेली आणि दारातच थबकली. चष्मा नव्हता, हात प्लास्टरमध्ये होता, पण तोच तरुण. त्यानंही ओळखलं.

"तुमच्या आई सुखरूप पोचल्या?"

शेजारच्या खाटांवरची माणसं ऐकत होती. त्यांत कोण कुठला, काय ठाऊक. 'हो' म्हणून निघून जाता आलं असतं.

"आई नाही, सासूबाई आहेत," ती म्हणाली. "तुमच्यातल्या."



हे तिनं घरी सांगितलं, तशा सासूबाई त्याला भेटायच्या हट्टालाच पेटल्या. रस्ते जरा निवळल्यावर डोळा दाखवायच्या निमित्तानं त्या त्याच्या खाटेशी जाऊन बसल्या.

"मी म्हटली नि सुटले," त्या म्हणाल्या. "तुला येत नव्हती, मार खाल्लास. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही माझ्या."

"मला येत होती," तो म्हणाला. "आमच्या गल्लीत निम्मी मुलं त्यांचीच होती. पण काठीपुढे नाही म्हणणार, असं वाटलं."

सासूबाई त्याच्या आणखी जवळ सरकल्या.

"घरी आई आहे?"

"आहे."

"मग पुढच्या वेळी म्हण," त्या एकदम चिडून म्हणाल्या, आणि त्याच्या अंगावरचं घसरलेलं पांघरूण त्यांनी वर ओढलं. "म्हण, आणि घरी जा. देवाचं काय ते मी बघते."

शिवणवालीनं सासूबाईंना हाताला धरून उठवलं.