हात चालतात, आवाज नको

भिंतीवर पडदा, पडद्यावर माझे दोन हात आणि सभागृहभर माझा आवाज.

"पोरीहो, पुस्तकाची मुदत संपायलीय? फोनवरच वाढवा. हितं दाबा. उगं हेलपाटा कावून?"

प्राध्यापकांची बैठक होती. मी ट्रे घेऊन चहा देत होतो. पहिला हशा उठला. संस्थेचे अध्यक्ष आमच्याच गावचे, बागायतदार घरातले. सगळे त्यांना आबासाहेब म्हणतात. त्यांनी हात वर केला. "परत लावा." परत लावलं. परत हसले. तिसऱ्यांदा लावलं. मग आबासाहेब माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाप गावात दवंडी द्यायचा, पोरगं व्हिडिओत देतंय. हलगी तेवढी राहिली."

लोकांनी टेबलं बडवली. हलगीसारखीच.

आणि मी काय केलं? मीही हसलो. चहा देत देत हसलो.

वडवणीच्या एका कॉलेजात मी ग्रंथालय परिचर आहे. पुस्तकं काढायची, लावायची, झटकायची आणि बैठक असली की चहा वाटायचा. पन्नाशी जवळ आली. घरात माझी ख्याती अशी, की मी गोष्ट सांगायला लागलो की पाव्हणे एसटीची वेळ विचारतात.

आमच्याकडं पुस्तकांची यादी फोनवर आली. मुदतवाढही फोनवरून व्हायला लागली. ती कशी करायची, हे पोरांना कुणी सांगितलं नाही. एकदा बी.ए.च्या एका पोरीचा उसाच्या फडातून फोन आला. आईबापाबरोबर तोडीला गेलेली, पुस्तकं पिशवीत घेऊन. "मामा, मुदत संपायलीय. परत कसं देऊ? कारखाना लई लांब हाय." अर्धा तास फोनवर समजावलं. तिला कळेना, आणि खरं सांगतो, मलाही कळेना. म्हणून आधी मी शिकलो, मग व्हिडिओ केला.

फोन जुन्या शब्दकोशांच्या चळतीला सुतळीनं बांधला. पंखा बंद केला, कारण तो माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलायचा. पहिला व्हिडिओ नऊ मिनिटांचा झाला. बायको म्हणाली, "अहो, एवढ्यात माझ्या भाकरी होतेत." मग अक्कल आली. एका व्हिडिओत एकच काम. दोन मिनिटं. पोरीचा प्रश्न पहिल्याच वाक्यात. जिथं दाबायचं तिथं बोट थांबवायचं. झाला की काउंटरवर एखाद्या पोराच्या हातात द्यायचा आणि आपण गप बसायचं. बघताना त्याचा अंगठा जिथून मागं सरकवतो, तिथं आपलं चुकलंय. तेवढं परत करायचं.

फडातल्या पोरीनं बघितला. मुदत वाढवली. "जमलं मामा."

तोच व्हिडिओ त्या बैठकीत लावला होता.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल सरांनी माझे सगळे व्हिडिओ कॉलेजच्या चॅनलवरून काढले. "तपासणी समिती येणार आहे. मराठीच्या मॅडम आवाज देतील, शुद्ध. हात मात्र तुझेच ठेवू, मॅडमना ती बटणं सापडत नाहीत. येताना नखं काप."

मी नखं कापली. बायकोचं नेलकटर मागून कापली.

नवा व्हिडिओ आला. आमच्याकडं सत्काराशिवाय काही सुरूच होत नाही. बोअरला पाणी लागलं तरी आधी शाल-नारळ, मग मोटर. तसंच इथं. दीपप्रज्वलन. आबासाहेबांचं मनोगत. मॅडमना शाल. प्रास्ताविक. माझे हात आले आठ मिनिटांनी. तेही मनगटापर्यंतच.

काही दिवसांनी पोरीचा फोन आला. "मामा, परत मुदत वाढवायची व्हती, कुठं दाबायचं ते इसरले. नवा व्हिडिओ लावला, तर नेट सत्कारातच संपलं. तवर मुदत गेली. खातं बंद पडलंय. परीक्षेचं पुस्तक मागितलं तर म्हणतेत, आता मिळणार न्हाई." मग म्हणाली, "तुमचा व्हिडिओ कावून काढला?"

ज्या व्हिडिओत तिचं नेट संपलं, त्याच्यासाठीच मी नखं कापली होती.

त्या दुपारी बाप आठवला. चावडीपुढं उभा राहून ओरडायचा तेव्हा याच आबासाहेबांच्या घराला तो आवाज गोड लागायचा. कारण हुकूम त्यांचा असायचा. सगळ्या दवंडीत बापाचा स्वतःचा शब्द एकच. "ऐका."

पुढच्या रेकॉर्डिंगला सर म्हणाले, "चल, हात घे पुढं." मॅडम माइकपाशी बसलेल्या. मी दोन्ही हात खिशात घातले.

"माझा आवाज असंल तर हात. न्हाईतर हात बी मिळणार न्हाईत."

"तुझा आवाज? समितीपुढं शोभा करायचीय का? हात काढ बे खिशातून."

"न्हाई काढत."

मॅडम हसल्या. सर हसले. दारातला शिपाई, माझाच दोस्त, तोही हसला. त्याचा राग आला नाही. बैठकीत मी असाच हसलो होतो. आता हसलो नाही, एवढंच.

शिक्षा लगेच मिळाली. रद्द पुस्तकांच्या खोलीत बदली. खिडकी नाही, वाळवी भरपूर. ड्युटीत फोन वापरायचा नाही, असा लेखी आदेश. समिती आली, मॅडमचा आधीचाच व्हिडिओ बघितला, टाळ्या वाजवल्या. पोरीचं खातं उघडलं नाही. ती परीक्षेला आली नाही. तिचा फोनही आता लागत नाही.

कॉलेज सुटलं की मी गेटाबाहेर चहाच्या टपरीमागं जातो. फोन दोन विटांवर ठेवतो. नखं वाढलेली असतात. त्यांत पुस्तकांची धूळ असते. असू दे. व्हिडिओ पोरांच्या ग्रुपवर टाकतो. तिथून आबासाहेबांच्या फोनवर जायला वेळ लागत नाही, हे मला ठाऊक आहे. जाऊ दे. खोलीतूनही काढतील. काढू देत. जोवर एका पोराचा अंगठा अडतोय, तोवर व्हिडिओ थांबणार नाहीत. आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य आता ठरलेलं आहे:

"दवंडीवाल्याचा पोरगा बोलतोय. ऐका."