आठ सोनेरी, एक काळा

मी नवऱ्याचं घर सोडून कळमनुरीला माहेरी परत आले, त्याच महिन्यात धाकट्या भावाने हॉलमध्ये तीन फुटांची काचेची पेटी बसवली. हा योगायोग नव्हता, हे कळायला मला वर्ष लागलं. वास्तूवाल्याने त्याला सांगितलं होतं: ईशान्येला पाणी ठेवा, त्यात आठ सोनेरी मासे आणि एक काळा. घरावर येणारी पीडा मासे अंगावर घेतात, काळा सगळ्यात जास्त. मेला तर वाईट वाटून घ्यायचं नाही, नवा आणायचा.

भाऊ नांदेडला गेला. आठ सोनेरी मिळाले, पण काळा गोल्डफिश दुकानात नव्हता. दुकानदाराने दुसरीच पिशवी पुढे केली. "काला ही चाहिए ना? ये ले जाओ, शार्क है. कुछ नहीं करता." भावाने रंग तेवढा बघितला आणि घेतला. अंग काळंकुट्ट, शेपटी लालभडक. नाव शार्क आणि लांबी बोटभर.

मासे सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. परत आलेल्या बाईला एखादं काम लावून दिलं की घरच्यांना बरं वाटतं. तशी मला हिंगोलीत एका खासगी शाळेच्या ऑफिसात नोकरी होती, रोज एसटीने जाऊन-येऊन करायची. पण आल्यावर पेटी माझी. नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास, म्हणून ते आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवायचं, दर रविवारी नळी लावून पाव पेटी पाणी काढायचं, फिल्टरचा स्पंज पिळायचा. मी ते मन लावून करायची. मला त्या घरात राहायचं होतं. एकटीने खोली करून राहायचा विचारसुद्धा मी टाळायची.

पहिला सोनेरी पंधरा दिवसांत मेला. त्याच दिवशी भाऊ वारंगा फाट्यावरच्या आपल्या दुकानातून येताना मोटारसायकलवरून पडला आणि नुसतं कोपर खरचटलं. आई पेटीपुढे हात जोडून उभी राहिली. "तुझ्यावरचं त्याच्यावर गेलं रे बाबा." दुसरा मेला तेव्हा भावजयीचा ताप उतरला. नवे मासे आले, तेही मेले, आणि आता शोधूनही टळलेलं संकट सापडेना. मग आई म्हणाली, "येवढं काय येऊन राहिलं आपल्या घरावर?" भावजयीने माझ्याकडे बघितलं. बोलली असती तर मी उत्तर तरी दिलं असतं.

एका रविवारी मी पेटीसमोर स्टूल टाकून बसले. काळ्याने फिल्टरखालचा कोपरा धरला होता. एखादा सोनेरी जवळून गेला की हा झपकन सुटायचा आणि त्याला पार दुसऱ्या टोकापर्यंत पिटाळायचा, शेपटी ओरबाडायचा. गोल्डफिश बिचारे पदर सावरत चालणाऱ्या बायकांसारखे, त्यांना कुठलं पळता येतंय. फाटलेल्या शेपटीला पांढरी बुरशी धरायची आणि दोन-चार दिवसांत मासा उलटा तरंगायचा. पीडाबिडा काही नव्हती. मोबाईलवर वाचलं तर हा मासा जागा धरून राहणारा, त्याला लपायला बीळ लागतं, आणि सुस्त माशांत तो ठेवूच नये.

भावाला म्हटलं, "याला वेगळा ठेव."

"काळा काढायचा तर मग पेटी काहून ठेवायची, ताई?"

त्याचंही बराबर होतं म्हणायचं. मग मी परसातलं एक फुटकं मडकं घेतलं, त्याच्या कडा घासल्या, उकळत्या पाण्याने धुतलं आणि पेटीत आडवं ठेवलं. मध्ये दगड रचले, म्हणजे काळ्याला पलीकडचे मासे दिसू नयेत. तासाभरात तो मडक्यात शिरला आणि तिथलाच झाला. दीड महिना एकही मासा मेला नाही. मला इतका आनंद झाला होता की मी शाळेतसुद्धा सांगत सुटले.

मग वास्तूवाला पुन्हा आला. "फुटकं भांडं, तेही ईशान्येला? कुणी ठेवलं?" सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. भावाने बाही वर करून मडकं काढलं, दगड काढले. माझा जीव तुटत होता. मी म्हणाले, "आता परत मरतील, बघा."

तेवढी माझी चूक. आठवड्यात तीन मेले, आणि मासे कशाने मेले यापेक्षा मी काय बोलले होते तेच घरात सगळ्यांच्या लक्षात राहिलं. म्हणजे मी आता काळजिभीसुद्धा झाले. वास्तूवाल्याने फोनवर तोड सांगितली: हा काळा पीडेने पुरता भरला, तो बदला, आणि पाण्याला नांदत्या सवाष्णीचाच हात लागू द्या.

दोन दिवसांनी भाऊ पायमोजे काढता काढता म्हणाला, "ताई, तू हिंगोलीतच खोली का करून घेत न्हाईस? रोजची तकलीफ वाचंल तुझी." आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. ती नुसतं "राहू दे" म्हणाली असती तर मी जन्मभर एसटीचे धक्के खाल्ले असते.

जाताना मी काळा मागून घेतला. तसाही तो घराबाहेर जायचाच होता. झाकणाच्या बादलीत घालून एसटीने नेला. माझ्या खोलीत तो एकटाच असतो, दोन फुटांच्या पेटीत, एका न फुटलेल्या मडक्यात. कुणाला त्रास देत नाही.

भाऊबीजेला गेले तेव्हा पेटीत आठ सोनेरी होते, चांगले गुबगुबीत, आणि एक खरा काळा गोल्डफिश. ओवाळून झाल्यावर आईने मला स्वयंपाकघरात नेलं. "तुझ्याच भल्याचं सांगते माय, तिकडंच राहा. तू गेल्यापासून एक मासा मेला न्हाई बघ."

"आई, मारणारा मासा मी बरोबर नेला. म्हणून मरत नाहीत."

तिला खरंच वाईट वाटलं. माझ्या हातावर हात ठेवून ती म्हणाली, "आता त्या मुक्या जिवावर काहून आळ घेते?"