गोडाऊनच्या जागेवरची येळवस

आमच्या भाजीमळ्याचे किस्से म्हणजे हरळी! एक उपटायला जावं तर मुळी थेट पलीकडच्या वाफ्यात निघते. जुनी मंडळी भेटली की कुणीतरी हमखास म्हणतंच, "भाऊसाहेबांची मेथी सांगा!" बेइज्जती माझीच, म्हणून मीच आधी सांगून टाकतो.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा. मी सोलापुरात एका गिरणीत क्लार्क. आमच्या चाळीमागं गिरणीची पडीक जागा होती. भोंगा झाला की चाळीतले आम्ही आपखुशीनं तिथं राबायचो, आणि भाजी ज्याला लागेल त्यानं न्यायची. मॅनेजरसाहेबांची अट एकच : गोडाऊन बांधायचं ठरलं की जागा परत!

पुढारी होता मल्लप्पा, मागावर काम करणारा, मूळचा मैंदर्गीचा. "वाटन्या हुता हुता माज्या वाट्याला नुसता बांध आला बगा," असं हसत सांगायचा. पण आम्ही 'बाग' म्हटलेलं त्याला खपायचं नाही. "रान म्हना की!"

तर मेथी. दसरा झाला आणि मल्लप्पानं माझ्या हातात खुरपं दिलं. मी चष्मा पुसून तासभर तण काढलं. वाफा कसा स्वच्छ! मल्लप्पा आला, बसला, एक रोप उचलून हुंगलं.

"भाऊसाहेब, मेथी काडलीसा आनि तन ठेवलंसा. आफिसात बी असंच करता काय?"

*

दिवाळीनंतर मळ्यातल्या विहिरीचं पाणी खोल गेलं, आणि पाणी शेंदायच्या पाळीला माणूस मिळेना. कुणाचं डोकं दुखे, कुणाचा पाहुणा येई. अशात बॉयलरवरच्या इमामचाचांनी खताला म्हणून राखेची पाटी आणली आणि वाळल्या पाल्यावर ओतली. राख आतून जिवंत! धूर निघाला आणि सगळी चाळ बादल्या घेऊन धावली. जाळ विझला, वर चारी वाफे तुडुंब भरले.

मी चाचांवर भडकलो. चाचा शांत.

"पानी तो मिल गया ना! वैसे बुलाया तो कोई आते क्या?"

*

नरसव्वा तेलुगू विणकराघरची. बांधाबांधावर तिनं अंबाडी लावली होती, न विचारता! वांग्याला फूल धरेना तेव्हा ती रोज सकाळी त्याच्यापुढं उभी राहून तेलुगूत शिव्या द्यायची.

मल्लप्पा म्हणाला, "आक्का, बी मैंदर्गीचं हाय. त्याला तेलगू कसं कळंल?"

"मग तू बोल की कानडीत!"

आणि हा बाप्या खरंच उकिडवा बसून वांग्याशी हळू आवाजात कानडी बोलला. आठ दिवसांत फूल आलं! दोघांचं भांडण मात्र मिटलं नाही. नरसव्वाचं म्हणणं, वांगं शिव्यांनाच घाबरलं.

*

मार्गशीर्षात ऑफिसात कागद आला. गोडाऊन ठरलं, ओव्हरसियर जागा मोजणार. मी मल्लप्पाला सांगितलं. त्यानं हातातलं खुरपं बांधावर ठेवलं. मग म्हणाला, "येळवस तेवडी हू दे."

आमच्याकडं मार्गशीर्ष अमावास्येला शेतकरी रानात कडब्याची खोप करून पूजा करतात, भज्जी, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची चिंच घातलेली मिसळभाजी, आणि ताकातली आंबील घेतात आणि वाटेनं जाणाऱ्यालाही जेवायला बोलावतात. ही येळवस आपल्या रानातच करायची असते. मैंदर्गी सोडल्यापासून मल्लप्पानं ती केली नव्हती.

त्या वर्षी ती रविवारी आली. खोप झाली, नरसव्वाची अंबाडी भज्जीत पडली, चाचा बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे मोडत बसले. आणि नेमके ओव्हरसियर हजर! सुट्टीचं कुणी नसेल म्हणून मुद्दाम आलेले. मागं मोजणीची साखळी घेतलेला गडी.

मल्लप्पा उठला. मी त्याच्याजवळची कुदळ हळूच मागं सरकवली.

"यावं पावनं, जेवाय."

"जेवायला नाही, मोजायला आलोय."

"मोजा की! पर येळवसला रानात पाय ठिवला की आदी जेवायचं."

ओव्हरसियर घुटमळले. मग बूट काढले आणि बसले. दुसऱ्यांदा भज्जी मागताना हळूच म्हणाले, "आमच्या मंद्रूपला यात चिंच जरा जास्त असते." आंबिलीचे तीन पेले झाले. निघताना गड्याला म्हणाले, "साखळी गुंडाळ."

सोमवारी त्यांचा रिपोर्ट नकलेसाठी माझ्याच टेबलावर आला. इंग्रजीत, दोनच ओळी. मी नक्कल खिशात घालून भोंग्याबरोबर पळालो. मल्लप्पा टोमॅटोला काठ्या बांधत होता. हात तसेच राहिले.

"काय लिवलंय?"

मी मराठीत वाचलं, "ही जागा रिकामी नाही, इथं शेत आहे. गोडाऊनसाठी दुसरी जागा पाहावी."

मल्लप्पा कागदाकडं बघत राहिला. त्याला अक्षर येत नव्हतं.

"शेत कुनाचं, ते लिवलंय?"

कागदावर तसलं काही नव्हतं. मी चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि वाचलं, "मल्लप्पाचं."

"परत वाचा की."